मॉरिशसचा वीजप्रपंच

मॉरिशसला जाऊन आलेला मराठी प्रवासी घरी परतल्यावर जे सांगतो त्यात समुद्राची निळाई, गंगातलावाचा काठ आणि देशांतर केलेल्या आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जतन केलेले सणवार यांचे वर्णन बहुधा असतेच, आणि ते असावे हे उचितही आहे. परंतु ज्या शक्तीवाचून तेथील हॉटेलांतील दिवे, कापडगिरण्यांतील यंत्रे आणि देवळांतील ध्वनिक्षेपक यांपैकी काहीच चालणार नाही, त्या विजेची चौकशी करावी असे त्याच्या मनात सहसा येत नाही. माझ्या मनात ते आले, कारण ज्याचे बालपण कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गेले त्याला जगाच्या पाठीवर कोठेही साखर कारखान्याचे धुराडे दिसले की धुराच्या रंगावरून आत काय जळते आहे याचा अदमास घेण्याची खोडच जडलेली असते. मॉरिशसमध्ये तर आत काय जळते हा प्रश्न त्या राष्ट्राच्या जमाखर्चाचा आणि भवितव्याचा प्रश्न होऊन बसलेला आहे.

प्लेझान्सच्या विमानतळावरून राजधानी पोर्ट लुईकडे जाणारा राजमार्ग आग्नेयेकडून वायव्येकडे सबंध बेट ओलांडून जातो. सप्टेंबर महिना होता आणि गळीत हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काही फड उभे, काही तुटलेले, आणि मधूनमधून पुरुष-दोन पुरुष उंचीचे काळ्या पाषाणाचे ढीग. ज्वालामुखीने सर्वत्र विखुरलेले हे दगड वेचून जमीन उसाजोगती करण्याचे काम आधी गुलामांनी आणि १८३४ नंतर हिंदुस्थानातून आणलेल्या करारबद्ध मजुरांनी केले. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गलबतांवर चढलेले रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी या मुलुखांतील लोकही होते. ज्या पिकासाठी माणसे समुद्रापार नेली गेली, त्याच पिकाच्या चिपाडावर आज त्यांच्या पणतवंडांच्या घरातील दिव्यांपैकी काही जळतात, ही गोष्ट ठाऊक असली म्हणजे तो रस्ता नुसता रम्य वाटत नाही.

मॉरिशस हे मुख्य बेट क्षेत्रफळाने सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. भूगर्भात कोळसा नाही, तेल नाही, वायू नाही. नद्या आखूड आणि उतावळ्या. सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे रेयुनियन हे फ्रान्सच्या ताब्यातील बेट, तेही सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर, आणि मध्ये खोल महासागर. महाराष्ट्रात एखादे वीजकेंद्र बंद पडले तर छत्तीसगड किंवा गुजरातकडून तारांवाटे वीज घेण्याची तजवीज करता येते. मॉरिशसला हा आधार नाही. जेवढी वीज ज्या क्षणी लागते तेवढी त्या क्षणी बेटावरच निर्माण झाली पाहिजे, अन्यथा दिवे मालवलेच. १९५२ साली स्थापन झालेल्या सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या, म्हणजे तेथील लोकांच्या तोंडी असलेल्या ‘सीईबी’च्या, सर्व कारभाराचा पाया या एका सक्तीवर उभा आहे. हे बोर्ड सरकारी मालकीचे असून बेटावरील विजेचे वहन आणि वितरण त्याच्याच हाती आहे. निर्मितीपैकी काही ते स्वतः करते आणि उरलेली वीज खाजगी उत्पादकांकडून करारनाम्याने विकत घेते.

पोर्ट लुईच्या बंदरावर उभे राहिले की या बेटाचे परावलंबन डोळ्यांनी दिसते. एका बाजूला आप्रवासी घाट, ज्याच्या दगडी पायऱ्या चढून लक्षावधी गिरमिटिया बेटावर उतरले आणि ज्याला २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि त्याच बंदराच्या उत्तर अंगाला फोर्ट जॉर्जचे वीजकेंद्र, जेथे जड इंधन तेलावर चालणारी प्रचंड डिझेल इंजिने अहोरात्र घरघरत असतात. हे तेल पुष्कळ वर्षे मंगळूरच्या शुद्धीकरण कारखान्यातून येत असे. कोळशाची जहाजेही याच बंदरात रिती होतात. तो कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेचा. बंदरातून तो ट्रकांत भरून बेटाच्या उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला रवाना होतो, आणि त्या ट्रकांची मजल जेथे संपते ती ठिकाणे ऐकून पाहुणा थोडा गोंधळतो, कारण ते सारे साखर कारखाने आहेत.

हा गोंधळ दूर करण्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. उसाचे गाळप झाल्यावर उरणारे चिपाड जाळून त्याच्या वाफेवर स्वतःची यंत्रे चालवणे हा साखर कारखान्यांचा जुना परिपाठ. परंतु चिपाडाची वीज कारखान्याबाहेर सार्वजनिक जाळ्यात देण्याचा प्रयोग मॉरिशसमध्ये १९५७ सालीच, सेंट आंत्वानच्या कारखान्यात, झाला. आरंभी ही वीज म्हणजे कारखान्याची गरज भागून उरलेला वाढावा होता. असली तर मिळायची, नसली तर नाही. १९८५ साली पूर्वेकडील फ्लाक येथील कारखान्याने निराळा करार केला: वर्षभर, ठरलेल्या प्रमाणात, हमीने वीज पुरवण्याचा. हमी देणे म्हणजे हंगाम संपल्यावरही बॉयलर पेटता ठेवणे. आणि हंगाम जूनच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या सुमारास संपत असल्यामुळे उरलेल्या महिन्यांत त्याच बॉयलरच्या पोटात दुसरे काहीतरी घालणे भाग होते. ते दुसरे काहीतरी म्हणजे कोळसा. १९९१ साली सरकारने चिपाडापासून वीजनिर्मितीचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला. २००० साली उत्तरेतील बेल व्यूचे आणि २००७ साली दक्षिणेतील साव्हानचे मोठे केंद्र उभे राहिले. अनेक लहान कारखाने बंद करून त्यांचा ऊस थोड्या, मोठ्या आणि अधिक दाबाचे बॉयलर असलेल्या कारखान्यांकडे वळवण्यात आला, आणि आज संपूर्ण देशात तीनच साखर कारखाने चालू आहेत.

बेल व्यूचे केंद्र पाँप्लमूस परगण्यात आहे. आत जाण्याची परवानगी घेऊन मी गव्हाणीपाशी उभा राहिलो तेव्हा, खरे सांगायचे तर, वाळवा तालुक्यातील एखाद्या कारखान्याच्या आवारात उभे असल्याचा भास झाला. तोच आंबूस-गोड दर्प, तीच पायांखाली चिकटणारी जमीन. फरक जाणवला तो चिपाडाच्या पट्ट्यापाशी. शेवटच्या चरकातून निघालेले चिपाड मी मुठीत घेऊन दाबले. ते कोमट, मऊ आणि ओलसर होते, बोटांना रस लागला नाही, आणि मूठ उघडताच ते स्पंजासारखे पुन्हा फुलले. त्याच्या वजनाचा निम्मा भाग अजूनही पाणीच असतो आणि हे पाणी उडवण्यात बरीचशी उष्णता खर्ची पडते. म्हणून चरकांतून निघताना ते जितके कोरडे तितकी वीज जास्त, हे गणित तेथील कामगार तोंडपाठ सांगतात. एक टन उसातून सुमारे तीनशे किलो चिपाड निघते. जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरमध्ये त्यातून कारखान्याची गरज भागून फारसे काही उरत नसे. ऐंशी बारहून अधिक दाबाच्या नव्या बॉयलरमुळे टनामागे शंभराहून अधिक युनिट वीज जाळ्यात देता येते. पट्ट्यावरून हा पिवळसर प्रवाह बॉयलरकडे अखंड वाहत असतो, आणि त्याच आवारात, थोड्या अंतरावर, काळ्या कोळशाचा ढीग आपल्या पाळीची वाट पाहत असतो.

या केंद्रांचे जगभर कौतुक झाले आणि चिपाडापुरते ते रास्तही आहे. कारण ऊस वाढताना हवेतील जो कार्बन शोषून घेतो तोच जळताना परत जातो, आणि पुढच्या हंगामाचे पीक तो पुन्हा घेते. परंतु कौतुकाच्या पोटात एक विसंगती दडलेली होती. हमीच्या विजेसाठी उभारलेल्या याच यंत्रांनी बेटावर कोळसा आणला, आणि मागणी वाढत गेली तसतसा तो वाढत जाऊन एकूण विजेतील त्याचा वाटा चाळीस टक्क्यांच्या घरात पोचला. उलट ऊस घटत गेला. युरोपीय संघाने आपली साखर हमीभावाने घेण्याची जी व्यवस्था १९७५ पासून चालवली होती तिचा भाव २००६ ते २००९ या काळात ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा लहान बागायतदारांनी शेती सोडण्यास आरंभ केला. ज्या बेटावर पूर्वी पन्नास लाख टनांहून अधिक ऊस पिके तेथे अलीकडे तो पंचवीस लाख टनांच्या आसपास आला. परिणामी नवीकरणीय विजेचा वाटा, जो २०१९ साली सुमारे २२ टक्के होता, तो २०२३ साली १८ टक्क्यांच्या आसपास घसरला. सौरपत्रे वाढत असताना हिरव्या विजेचा वाटा उतरावा, हे ज्याला चमत्कारिक वाटेल त्याने उसाच्या पडीक रानांकडे पाहावे.

चिपाडाच्या अर्थकारणात एक जुनी तक्रारही आहे, आणि ती मला पश्चिम किनाऱ्याजवळच्या कास्काव्हेल गावी तपशीलवार ऐकायला मिळाली. कास्काव्हेल हे मॉरिशसमधील मराठी वस्तीचे गाव. १८९६ साली या बेटावरील पहिला गणेशोत्सव हेन्रिएटा गावी झाला असे सांगतात, आणि आता गणेशचतुर्थीनिमित्त साऱ्या राष्ट्राला सार्वजनिक सुट्टी असते. मी गेलो तेव्हा उत्सव नुकताच उरकला होता. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकांची मराठी क्रिओलच्या वळणाची, पण आरती मात्र स्वच्छ; थोडी वडिलोपार्जित ऊसजमीन त्यांनी अजून राखली आहे. त्यांचे म्हणणे असे की ऊस बागायतदाराचा, पण चिपाड कारखान्याच्या फाटकातून आत गेले की त्यावर जी वीज होते तिच्या मोलातला रयतेचा हिस्सा वर्षानुवर्षे नाममात्र राहिला. या तक्रारीची दखल सरकारदरबारी अगदीच घेतली गेली नाही असे नाही: १९९४ साली शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट स्थापून लहान बागायतदार आणि कामगार यांना कारखान्यांच्या भागभांडवलात हिस्सा देण्यात आला, आणि २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात चिपाडाला भरीव मोबदला देण्याची तरतूद करण्यात आली. काकांना हे मान्य आहे; मात्र शेजारची जी राने तण माजून पडली त्यांना हा मोबदला फार उशिरा पोचला, असे त्यांनी दिवेलागणीच्या वेळी अंगणात बसून, कोणावरही राग न धरता, सांगितले.

याच घराच्या छपरावर सौरपत्रे आहेत. मॉरिशसमध्ये लहान ग्राहकांना स्वतःची वीज निर्माण करून जाळ्यात देण्याची मुभा २०१० च्या सुमारास मिळाली. पुढे गरीब कुटुंबांसाठी दहा हजार छपरांची योजना निघाली, जिच्यात बोर्ड प्रत्येक घरावर एक किलोवॉटचा संच बसवते आणि त्याच्या बदल्यात त्या घराला दरमहा ५० युनिट वीज वीस वर्षे विनामूल्य देते. कास्काव्हेलपासून जवळच बांबू या गावी १५ मेगावॉटचे सौरक्षेत्र २०१४ साली सुरू झाले; मॉरिशसमधील मोठ्या प्रमाणावरील हे पहिलेच सौरक्षेत्र. पश्चिम किनारा डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे कोरडा आणि उन्हाळ आहे; पठारावर क्युरपीपला धुके आणि पाऊस चालू असताना येथे लख्ख ऊन असते.

परंतु काकांकडे बसलो असता एक गोष्ट लक्षात आली, ती कोणत्याही अहवालापेक्षा स्पष्ट होती. सहा वाजून गेले, सूर्य समुद्रात बुडाला, छपरावरच्या पत्र्यांचे काम संपले. आणि नेमक्या त्याच सुमारास गावातील प्रत्येक घरात दिवे लागले, दूरदर्शनसंच सुरू झाले, स्वयंपाकघरांतून उपकरणांचे आवाज येऊ लागले. बेटाच्या विजेची मागणी संध्याकाळी सातच्या सुमारास शिगेला पोचते, आणि ही अडचण इतकी जुनी आहे की तिच्यावर उपाय म्हणून सरकारने ऑक्टोबर २००८ मध्ये देशातील घड्याळेच एक तास पुढे सरकवून पाहिली होती. हेतू असा की उजेड असेतो लोकांची कामे उरकावीत आणि संध्याकाळचा भार हलका व्हावा. मार्च २००९ मध्ये घड्याळे पूर्ववत झाली आणि तो प्रयोग पुन्हा करण्यात आला नाही.

येथे मला या वीजप्रपंचातील मर्म हाती लागल्यासारखे वाटले. मॉरिशसला निसर्गाने शक्ती कमी दिलेली नाही. दिली आहे ती वेळेचे बंधन घालून. चिपाड जून ते डिसेंबर, आग्नेयेचे व्यापारी वारे हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑक्टोबर, जोरकस. पाऊस जानेवारी ते मार्च. आणि ऊन दिवसा. उलट मागणी सर्वाधिक असते ती भर उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा हॉटेलांची आणि कचेऱ्यांची वातानुकूलन यंत्रे एकदम चालू होतात आणि भार ५०० मेगावॉटच्या पलीकडे जातो. त्या वेळी कारखान्यांचे चरक थंड पडलेले असतात आणि वाराही मंदावलेला असतो. कोळसा आणि तेल यांची थोरवी त्यांच्या उष्णतेत नाही. हाक मारल्याबरोबर हजर होणाऱ्या, सुट्टी न मागणाऱ्या हरकाम्या गड्यासारखे ते वेळेचे बंधन मानत नाहीत, यातच त्यांची सारी पत आहे. तेव्हा कमी कार्बनची वीज निर्माण करणे हे अर्धेच काम. ती हव्या त्या महिन्यात आणि हव्या त्या तासाला हजर करणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक बिकट आहे.

बिकट अर्ध्याचा प्रयत्न पाहायचा तर पठाराच्या कडेवरील हेन्रिएटाला जावे. येथून तामारिनचे धबधबे एकाखाली एक असे दरीत कोसळतात आणि त्यांच्या माथ्यावरील जलाशयाचे पाणी जलविद्युत् केंद्राकडे नेले आहे. जलविद्युत् ही मॉरिशसची सर्वांत जुनी स्वदेशी वीज. बेटाच्या पूर्व भागातील शाँपान्येचे ३० मेगावॉटचे केंद्र त्यांतले सर्वांत मोठे. परंतु सर्व जलकेंद्रे मिळून क्षमता साठ मेगावॉटच्या आसपास, आणि बांधण्याजोग्या जागा बहुतेक संपलेल्या. म्हणून त्याच हेन्रिएटात आता दोन नव्या गोष्टी आल्या आहेत. पहिली, सौरक्षेत्र, ज्याच्या ८ मेगावॉटच्या टप्प्याला भारताचे अर्थसाहाय्य असून त्याचा आरंभ जानेवारी २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरस्थ समारंभात केला. आणि दुसरी, बॅटरीसंच. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत हरित हवामान निधीने मॉरिशसला जवळपास २.८ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले, त्यातून जाळ्याचे बळकटीकरण आणि १८ मेगावॉटच्या बॅटऱ्या ही कामे हाती घेण्यात आली.

बॅटऱ्यांचे कार्य काय, हे समजण्यास लहान बेटाची अवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. विद्युत्प्रवाहाची वारंवारिता सेकंदाला पन्नास आवर्तने राखली पाहिजे; मागणी पुरवठ्यापेक्षा किंचित वाढली तरी फिरणारी सर्व यंत्रे मंदावू लागतात. मोठ्या देशात एखाद्या सौरक्षेत्रावरून मेघ गेला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. मॉरिशसमध्ये सौरवीज वाढेल तसा तोच मेघ संपूर्ण राष्ट्राच्या जाळ्यास हिसका देऊ शकतो. अशा वेळी वाफेची यंत्रे गती घेईपर्यंतची काही मिनिटे बॅटरी क्षणार्धात पुढे होऊन सांभाळून नेते. हेन्रिएटात बाहेरून पाहावे तर कुंपणाआड पांढऱ्या, मालवाहू पेट्यांसारख्या काही खोल्या आणि पंख्यांचा संथ आवाज, एवढेच. पठारावर झपाट्याने ढग येत-जात होते, बाजूच्या सौरपत्र्यांचा रंग दर दोन-चार मिनिटांनी निळ्याचा राखाडी होत होता, आणि त्या पेट्यांतील यंत्रणा त्याची भरपाई करीत असावी. तामारिनच्या जलाशयावर १७.५ मेगावॉटचा तरंगता सौरप्रकल्प भारताच्या एनटीपीसीच्या सहकार्याने उभारण्याचे २०२५ साली ठरले आहे. जमीन थोडी, तिच्यावर ऊस, पर्यटन आणि वस्ती या तिघांचे दावे; अशा देशाने पाण्याच्या पृष्ठाकडे वळावे हे स्वाभाविकच होय.

वाऱ्याची कथा आखूड आहे. ईशान्येकडील प्लेन दे रोश येथे २०१६ साली ९.३५ मेगावॉटचे पवनक्षेत्र उभे राहिले. तेथे गेलो त्या दिवशी व्यापारी वारा असा सुटला होता की टोपी हातात धरावी लागली. तथापि वर्षाच्या एकूण विजेत पवनाचा वाटा एक टक्काही भरत नाही. पुण्याच्या सुझलॉन कंपनीचा सहभाग असलेला एक मोठा प्रकल्प प्लेन सोफीच्या माळावर योजला होता, तो उभा राहिलाच नाही. भरीस चक्रीवादळांची धास्ती आहेच. पूर्वेकडे ५६० किलोमीटरांवरील रोद्रीग या बेटावर तर पवनचक्क्याच अशा निवडल्या की वादळाची वर्दी मिळताच खांबासकट जमिनीवर आडव्या करता याव्यात. वादळ सरले की त्या पुन्हा उभ्या करतात.

दक्षिणेकडे माहेबूर या जुन्या बंदरगावी मी गेलो त्याचे कारण वीज हे नव्हते, पण तेथे जे ऐकले ते या विषयापासून दूरही नव्हते. २५ जुलै २०२० रोजी वाकाशियो नावाचे अजस्र मालवाहू जहाज पुएँत देस्नीजवळच्या प्रवाळखडकावर चढले, आणि ऑगस्टच्या आरंभी त्याच्या टाक्यांतील सुमारे एक हजार टन इंधन तेल त्या आरस्पानी उथळ समुद्रात पसरले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो लोक किनाऱ्यावर जमले. त्यांनी कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे वाळलेले पाचट ठासून भरले आणि त्यांचे तरंगते बांध पाण्यात सोडले. ते तेल वीजकेंद्रासाठी आणलेले नव्हते, जहाजाच्या स्वतःच्या इंजिनासाठी होते. तरीही ज्याच्यावाचून आपला एक दिवस जात नाही तो पदार्थ आपल्या दारात कसा दिसतो, हे त्या आठवड्यात आबालवृद्धांनी पाहिले.

इंधनाबद्दलची ही जागरूकता त्या दुर्घटनेने प्रथमच उत्पन्न केली असे मात्र नाही. मॉरिशसमध्ये जन्मलेले वैज्ञानिक जोएल द रोस्ने यांच्या कल्पनेवरून २००८ साली नवीन रामगुलाम यांच्या सरकारने ‘मोरिस इल द्युराब्ल’, म्हणजे टिकाऊ मॉरिशस, ही मोहीम जाहीर केली, तिच्यासाठी निधी उभारला, सौर जलतापकांना अनुदान दिले आणि कमी विजेचे दिवे घरोघर पोचवले. परंतु त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर आल्बियोंनजीक पुएँत-ओ-काव्ह येथे १०० मेगावॉटचे निव्वळ कोळशाचे केंद्र उभारण्याचाही घाट घातला जात होता. २०१३ च्या आरंभी एका तरुण कार्यकर्त्याने पोर्ट लुईत आमरण उपोषण आरंभले, त्याच्याभोवती नागरिक गोळा झाले, आणि सरकारला ऊर्जेचा सर्वांगीण विचार करण्यासाठी आयोग नेमावा लागला. ते केंद्र अखेर झालेच नाही. पुढे सरकार बदलले आणि २००८ ची मोहीमही गुंडाळली गेली. धोरणे निवडणुकांबरोबर येतात-जातात, करारनामे मात्र वीस-वीस वर्षे टिकतात, हा अनुभव केवळ मॉरिशसचा नव्हे.

२०२१ साली सरकारने जाहीर केलेला संकल्प असा की २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय असावी आणि कोळसा पूर्णपणे थांबावा. आजचा वाटा पाहता ही मजल फार लांबची आहे, आणि तेथील जाणती माणसे खाजगीत ते कबूलही करतात. कोळशाच्या जागी पाचट, जलद वाढणारी गवते, प्रसंगी परदेशातून आणलेल्या लाकडाच्या चिपा जाळण्याच्या योजना आहेत. त्यांपैकी पाचटाचा विचार मला सर्वांत सयुक्तिक वाटला, कारण ते शेतातच पडून असते आणि त्याचा मोबदला बागायतदाराच्या पदरात पडेल. परंतु सगळेच उचलले तर जमिनीची कूस उघडी पडते, हेही कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. लाकूड आयात करून कोळसा टाळणे म्हणजे कार्बनचा हिशेब सुधारून बंदराचा हिशेब होता तसाच ठेवणे होय.

आपल्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीशी मी या सर्वाची तुलना मनातल्या मनात करीत होतो, आणि तिच्यातून निघालेला निष्कर्ष असा. आपला कारखाना हंगामाअखेर, साठवलेले चिपाड संपले की, निर्धास्तपणे थंड होऊ शकतो, कारण राज्याच्या जाळ्यात दुसरे कोणी त्याची उणीव भरून काढते. ती भरपाई बहुशः विदर्भातील औष्णिक केंद्रांतच होते, आणि ती आपल्या नजरेआड होत असल्यामुळे आपण चिपाडाच्या विजेला निःशंकपणे हरित म्हणतो. मॉरिशसला हा आडपडदा उपलब्ध नाही. तेथे चिपाड आणि कोळसा एकाच आवारात, एकाच बॉयलरच्या दारात उभे असतात, म्हणून त्या बेटाचा हिशेब अधिक प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच तो अधिक कठोरही भासतो.

संकल्प पुरा झाला की नाही हे २०३० साली टक्केवारीचे कोष्टक पाहून ठरवले जाईल. माझ्या मते त्याहून सोपी आणि चोख कसोटी आहे. एप्रिल महिन्यातील एखादी निर्वात संध्याकाळ घ्यावी, जेव्हा ऊस नाही, ऊन नाही, वारा नाही आणि धरणांची पातळी उतरू लागलेली आहे. आणि सात वाजता बेल व्यूच्या बॉयलरमध्ये काय जळते आहे ते विचारावे. दुपारची वीज साठवून, घराघरांतील मागणी सरकवून, पाचट राखून आणि बागायतदाराला शेतावर टिकवून त्या एका तासाची तरतूद ज्या वर्षी होईल त्या वर्षी या राष्ट्राचे स्थित्यंतर पुरे झाले असे खुशाल समजावे. तोवर भर हंगामातील सप्टेंबरच्या आकड्यांवर कोणी, पाहुण्यानेही, फार भुलू नये.